जनसुनावणीत काकींचं पाणी कुणी लिहूनच घेतलं नाही

सड्यावरचा:

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण गेले काही महिने एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. लांबलचक आहे, सवडीने वाचा.

आमच्या गावाच्या डोक्यावर जो सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, आहे तिथे बॉक्साइटची खाण येऊ घातली आहे. जिल्हा रत्नागिरी, एवढंच सांगतो. गाव आणि कंपनीचं नाव घेत नाही, कारण मंजुरीचा निर्णय अजून व्हायचाय. जनसुनावणी मात्र झाली. मंडप, खुर्च्या, बंदोबस्त, व्हिडिओ शूटिंग, सगळं रीतसर.

आम्ही वर्गणी काढून शहरातून एक तज्ज्ञ आणले होते. निवृत्त प्राध्यापक, अतिशय सज्जन माणूस, मानधनाला हातही लावला नाही. ते वीसेक मिनिटं बोलले, त्यातलं निम्मं इंग्रजीत. सड्यावरच्या दुर्मीळ वनस्पतींची यादी त्यांनी वाचून दाखवली. मग कंपनीचा सल्लागार उठला आणि शांतपणे म्हणाला, "सर, यातल्या किती वनस्पती तुम्ही या सड्यावर पाहिल्यात?" यादी कासच्या पठाराची होती. कास समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरवर, आमचा सडा जेमतेम दीडशेवर. दोन्हीकडे जांभा आहे म्हणून त्यांनी धरून चाललं होतं. मंडपात एकदम शांतता पसरली आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या माना खाली गेल्या.

मला याचं जास्त वाईट वाटतं, कारण आमच्या जिल्ह्याला हा प्रकार उलट्या बाजूने माहीत आहे. २००७ साली जिल्ह्यातल्याच एका बॉक्साइट प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातले उतारे जसेच्या तसे सापडले होते. पक्ष्यांचा अधिवास म्हणून चक्क स्प्रूस या थंड प्रदेशातल्या झाडाच्या जंगलांचा उल्लेख होता. कोकणात स्प्रूस! इतकी वर्षं आम्ही ते उदाहरण देत आलो, आणि आमच्या बाजूनेही दुसऱ्याच डोंगराची यादी वाचली गेली.

त्यानंतर वाडीतल्या एक काकी बोलायला उठल्या. वय सत्तरीच्या पुढे, माइक तोंडापासून हातभर लांब. त्या म्हणाल्या, "सड्यावर पहिला मोठा पाऊस लागला की दीड दिवसाने आमच्या वरच्या बावीचं पाणी गढूळ होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून बघत्येय. खालच्या बावीचं नाही होत. आणि शिमग्यापर्यंत बावीखालच्या पऱ्याला करंगळीएवढी धार असते. सडा फोडलात तर बाव जाणार." (बाव म्हणजे विहीर, पऱ्या म्हणजे ओढा.) एवढं बोलून त्या खाली बसल्या. मिनिटभरही लागलं नसेल.

इतिवृत्तात प्राध्यापकांच्या भाषणाला पाऊण पान मिळालं. काकींच्या वाट्याला एक ओळ आली: "ग्रामस्थांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली."

अहो, ती चिंता नव्हती. ते निरीक्षण होतं, पन्नास पावसाळ्यांचं! आणि कंपनीच्या पर्यावरण अहवालात काय लिहिलंय, तर गाभा क्षेत्रात, म्हणजे खाणीच्या हद्दीत, बारमाही प्रवाह नाही. अक्षर न् अक्षर खरं आहे ते. सड्यावर पऱ्या नाहीच. तो सड्याच्या कुशीतून निघतो, खाणीच्या हद्दीपासून तीनशे पावलं खाली.

तर माझा प्रश्न असा: पर्यावरणाच्या लढ्यात तज्ज्ञाचं काम नेमकं काय? तज्ज्ञ नकोत असं मी म्हणत नाही, तसं म्हणणारे गावात झालेत आता. माझं मत विचाराल तर तज्ज्ञाला सुनावणीच्या दिवशी भाषणाला बोलावण्यात अर्थ नाही. दोन पावसाळे आधी बोलवावं आणि आम्हाला मोजायला शिकवायला सांगावं. आम्ही उशीर केला. पण आता ज्येष्ठापासून दोन्ही बावींचं पाणी मोजतोय. सुंभाच्या दोरीला वीत वीत अंतरावर गाठी मारल्या आहेत, टोकाला दगड. दर पौर्णिमा-अमावास्येला मोजतो, शाळेच्या वहीत तारीख आणि गाठी लिहितो. हे शास्त्रीय आहे का, कुणाच्या उपयोगाचं आहे का, की आमचंच समाधान? जाणकारांनी सांगावं.

पागोळी:

वाचून गलबलले. धाग्यासाठी धन्यवाद. माझ्या माहेरीही बावीचं असंच आहे, पण आम्ही कधी कुणी लिहून ठेवलं नाही. आजी गेली, तिच्याबरोबर तेही गेलं.

तळपाणी:

सड्यावरचा, मी भूजलशास्त्र शिकलोय आणि त्यातच काम करतो. तुमच्या बावी मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं 'असं असू शकतं' या बेताने घ्या.

काकींचं वाक्य मी चार वेळा वाचलं. आमच्या विषयात पाणी कुठून कुठे जातं हे शोधायला वर टाकलेली खूण खाली किती वेळाने पोचते ते बघतात. इथे पहिल्या पावसाने धुऊन आणलेली माती हीच खूण झाली. दीड दिवस हे उत्तर झालं. आणि शेजारच्या दुसऱ्या बावीत ते होत नाही, ही तुलनाही त्यांनी स्वतःच पुरवली. शिकलेल्या माणसालाही तुलनेची बाव सुचतेच असं नाही.

कारण बहुधा असं असावं. जांभा वरून कडक दिसतो, आतून सच्छिद्र असतो. भेगा असतात, काही ठिकाणी मनगटाएवढ्या पोकळ्या, नळ्यांसारख्या. पाणी त्यातून झपाट्याने खाली जातं. जांभ्याच्या खाली चिकणमातीचा थर असतो, तो पाणी सहज खाली जाऊ देत नाही. मग पाणी त्या थरावरून आडवं सरकतं आणि उतारावर जिथे थर उघडा पडतो तिथे झरा फुटतो. तुमची वरची बाव त्या रेषेवर असणार. खालची बाव बहुतेक त्याखालच्या झिजलेल्या काळ्या खडकातून भरते, तिथे पाणी सावकाश, गाळून येतं.

आणि बॉक्साइट असतं कुठे? याच वरच्या टोपीत. म्हणजे खाण जे काढून नेणार तेच तुमचं पाण्याचं भांडं आहे. तरीही 'बाव जाणार' असं मी आज सही करून लिहून देऊ शकत नाही. त्यासाठी मापं लागतील.

तर मापांबद्दल. गाठींची दोरी उत्तम, पण पंधरवड्याला एकदा मोजणं पावसाळ्यात फार विरळ होतं. मृगापासून दिवाळीपर्यंत रोज, पुढे आठवड्याला. पहाटे, पहिली घागर काढायच्या आधी. बावीच्या काठावर एकाच जागी रंगाची खूण करा, दोरी तिथूनच सोडा. सुंभ भिजलं की आखडतं, म्हणून नायलॉनची दोरी किंवा सरळ गवंड्याची टेप घ्या. पऱ्याची धार मोजायला बादली आणि घड्याळ पुरतं: दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरली. पाऊस मोजायला सरळ भिंतीचा डबा आणि पट्टी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हा हिशेब मुलांनासुद्धा जमतो.

पाण्यातले क्षार मोजायचं खिशात मावणारं यंत्र मिळतं, महाग नसतं. पावसाचं पाणी जवळपास क्षारविरहित असतं. सड्यावरचं ताजं पाणी बावीत पोचलं की आकडा खाली येतो. गढूळपणा डोळ्यांना दिसला नाही तरी हा आकडा सांगेल. आणि तिसरी एक बाव निवडा, जिचा या सड्याशी काही संबंध नाही, डोंगराच्या पलीकडची. तिचंही मोजा. नाहीतर उद्या कुणीही म्हणेल की यंदा पाऊसच कमी होता.

एक कळकळीची विनंती: उत्साहाच्या भरात सड्यावर रंग-बिंग ओतून बघू नका. ते पाणी तुम्ही पिता.

सड्यावरचा:

तळपाणी, तुमचं काकींना वाचून दाखवलं. 'मनगटाएवढ्या पोकळ्या' ऐकल्यावर म्हणाल्या, "हो, ढोरं चारताना आत वाहाताना आवाज येतो त्याचा, कान लावला तर." मी या सड्यावर लहानाचा मोठा झालो, मला हे माहीत नव्हतं.

चाकरमानी:

मी जरा वेगळं बोलतो, राग नसावा. माझंही गाव कोकणातच आहे. घरात दोन चुलतभाऊ बेकार बसलेत, तिसरा मुंबईत सुरक्षारक्षक आहे, बारा-बारा तास उभा असतो. दरवेळी कुठला प्रकल्प आला की पाणी, फुलं, पक्षी यांचे तज्ज्ञ गोळा होतात. माणसाने खायचं काय याचा तज्ज्ञ कधी येतो का गावात? विरोध करणाऱ्यांनी एकदा तरी बसून हिशेब मांडावा की खाण नको तर काय हवं. मी खाणीच्या बाजूचा नाही, पण हा प्रश्न कुणी घेत नाही म्हणून लिहिलं.

तिन्ही_ऋतू:

मी पर्यावरण अहवाल तयार करणाऱ्या एका सल्लागार संस्थेत सहा वर्षं होते. आता सोडलं. आतली बाजू सांगते.

आम्ही सगळे विकले गेलेले होतो असं नाही. माझ्याबरोबरची मुलं वनस्पतिशास्त्रात द्विपदवीधर होती, मनापासून काम करायची. पण पैसे प्रकल्पवाला देतो, मुदत तो ठरवतो, आणि गावात राहायला मोजून आठ-दहा दिवस मिळतात. यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे, आणि ती बाहेर फार थोड्यांना माहीत असते. खाणींच्या अभ्यासासाठी जी ठरावीक कार्यकक्षा दिली जाते, तिच्यात एका ऋतूची आधारभूत माहिती मागितलेली असते, आणि तो ऋतू 'पावसाळा सोडून' असतो. उन्हाळा चालेल, पावसानंतरचे महिने चालतील, हिवाळा चालेल.

आता कोकणचा सडा डोळ्यांसमोर आणा. मार्चमध्ये तिथे काय दिसतं? काळा तापलेला कातळ आणि वाळलेलं गवत. मी स्वतः एका अहवालात 'विरळ वनस्पती, ओसाड' असं लिहिलंय. खोटं लिहिलं नव्हतं, त्या दिवशी तसंच होतं. पुढे नोकरी सोडल्यावर त्याच सड्यावर ऑगस्टमध्ये गेले. पाय ठेवायला जागा नव्हती. खळग्यांत साचलेल्या इंचभर पाण्यात गेंदाच्या फुलांची पांढरी डोकी, कडेने सीतेच्या आसवांचा निळा पट्टा. मातीत पोषण नाही म्हणून सीतेची आसवं ही एवढीशी वनस्पती पाण्यातले बारीक जीव पकडून खाते, हे मी पुस्तकातून पाठ केलं होतं, पण ज्या ठिकाणी ते बघायला हवं होतं तिथे मला कामाने मार्चमध्ये पाठवलं होतं. मी तिथे बराच वेळ बसून राहिले.

सड्याचं सगळं आयुष्य त्या चार महिन्यांत असतं, फुलांचंही आणि तुमच्या बावीचंही. हे महिने वगळून केलेला अभ्यास नियमाने पूर्ण आणि खऱ्या अर्थाने अर्धा असतो. सड्यावरचा, तुमची लेखी हरकत असेल तर तिच्यात हाच मुद्दा पहिला घ्या. आणि ज्येष्ठ ते कार्तिक तुमची वही भरली, तर सल्लागाराकडे जे नाही तेच तुमच्याकडे असेल.

प्राध्यापकांवर फार रागावू नका. त्यांना पावसाळ्यात तुमच्या सड्यावर कुणी नेलं होतं का?

सड्यावरचा:

नाही नेलं. ते सुनावणीच्या आदल्या रात्री आले. चूक आमची आहे, तुम्ही बरोबर बोललात. त्यांना फोन केला आज. या श्रावणात येतो म्हणाले, चार दिवस राहायला.

चाकरमानींना नंतर उत्तर देतो. प्रश्न टाळण्यासारखा नाही.

मांडवीकाठ:

गोव्याहून लिहितोय. आमच्याकडे खाणींनी दोन पिढ्या खाल्ल्या, म्हणून हा धागा सोडवत नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी गोव्यातल्या खाणींच्या पर्यावरण अहवालांचा अभ्यास केला होता. डोंगरमाथ्यावरून निघणारे ओहोळ त्या अहवालांतून गाळलेले आहेत, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. तुमच्या 'बारमाही प्रवाह नाही' या वाक्याची ही सख्खी भावंडं.

पश्चिम घाटाच्या त्यांच्या समितीबद्दलही दोन शब्द, कारण तज्ज्ञ आणि लोक यांच्यात दरी कशी पडते याचं तेवढं मोठं उदाहरण दुसरं नाही. घाटातला कुठला भाग जपायचा हे सुचवायला केंद्राने ती समिती २०१० साली नेमली. अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये दिला. मग तो मंत्रालयात पडून राहिला. माहितीच्या अधिकारात कुणीतरी मागितला, केंद्रीय माहिती आयोगाने द्या म्हटलं, त्याविरुद्ध मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथे हरलं, तेव्हा कुठे मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. अहवालात मूळ सूचना होती की हे सगळं ग्रामसभांपुढे न्या, त्यांच्या भाषेत न्या, आणि हद्दी त्यांच्याशी बोलून ठरवा. तेवढंच झालं नाही. शेकडो पानांचा इंग्रजी अहवाल, आणि गावागावांत पोचल्या त्या अफवा. केरळात तर लोक रस्त्यावर उतरले, ज्यांच्यासाठी तो लिहिला होता तेच.

त्यानंतर कस्तुरीरंगन समिती आली, एप्रिल २०१३ मध्ये तिने अहवाल दिला. उपग्रहाच्या चित्रांवरून नैसर्गिक भूप्रदेश वेगळा काढला, माणसांनी घडवलेला वेगळा, आणि घाटाचा साधारण ३७ टक्के भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. तंत्र म्हणून काटेकोर होतं. पण उपग्रहाला बाव दिसत नाही. वाडी-शेतीचा प्रदेश बाजूला पडला की काकींची बाव बाजूला पडते. आणि इतकं करूनही वर्षानुवर्षं अंतिम अधिसूचना निघाली नाही. मसुद्यामागून मसुदे निघाले. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ ला, वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यात एकूण ५६,८२५ चौरस किलोमीटर, पैकी महाराष्ट्रात १७,३४०.

दुसरीकडे तुमच्याच शेजारच्या सिंधुदुर्गात पंचवीस गावांच्या ग्रामसभांनी आपणहून ठराव केले होते की आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या. खाणी नकोत म्हणून. तज्ज्ञाचा अहवाल आणि गावाचा ठराव एका दिशेला जाऊ शकतात, हे तिथे बघायला मिळालं.

कलम_सोळा:

वकील आहे, हरित लवादाचं, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांसाठीच्या न्यायपीठाचं, थोडं काम करतो. कायद्याच्या बाजूने थोडक्यात.

पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची नोटीस किमान तीस दिवस आधी लागते, आणि सुनावणी संपताना इतिवृत्ताचा मजकूर हजर लोकांना स्थानिक भाषेत वाचून, समजावून सांगावा लागतो. तो वाचला का? वाचला तेव्हा कुणी 'काकींचं नीट लिहा' म्हणून हात वर केला का? पुढच्या वेळी दोन माणसं फक्त एवढ्याच कामाला बसवा. चित्रीकरण नियमाने करावंच लागतं. काकींचं पूर्ण वाक्य त्यात आहे. त्याची प्रत मागा.

मंजुरी मिळाली तर लवादाकडे अपील करायला तीस दिवस असतात, सबळ कारण असेल तर आणखी साठ, त्यापुढे एकही नाही. म्हणून मंजुरीपत्र कधी निघालं यावर लक्ष ठेवा. लवादात न्यायाधीशांबरोबर तज्ज्ञ सदस्यही बसतात. त्यांच्यापुढे 'आमच्या भावना तीव्र आहेत' हे चालत नाही. वही चालते. वहीवर दर महिन्याला ग्रामपंचायतीचा शिक्का आणि शाळेच्या मुख्याध्यापकांची सही घ्या, तारीख घालून. नंतर एका दमात भरलेली वही उलटतपासणीशिवायही ओळखू येते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ पासून सावधगिरीचं तत्त्व मानलंय. नुकसान होणार नाही हे दाखवायची जबाबदारी प्रकल्पवाल्यावर येते. पण ती त्याच्या अंगावर टाकण्यापुरता तरी पुरावा आपल्याकडे लागतो. काकींचं विधान अधिक एका पावसाळ्याची वही, एवढ्याने ते होऊ शकतं असं मला वाटतं.

वैनगंगेकाठची:

गडचिरोलीत काही वर्षं काढली, तिथलं सांगते. मेंढा-लेखा गावाचं नाव 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या गावाचं खरं बळ 'अभ्यास गट' आहे असं मला नेहमी वाटत आलं. ग्रामसभा निर्णय घेते, तोही सर्वसहमतीने. त्याआधी अभ्यास गट बसतो. बाहेरचा जाणकार आला तर तिथे येतो, जमिनीवर बसतो, लोक त्याला प्रश्न विचारतात, पटेपर्यंत. त्याचं मत मोलाचं मानतात, निर्णय मात्र त्याच्या हातात देत नाहीत. २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क त्यांना मिळाला, त्यामागे अशा बैठकांची कितीतरी वर्षं होती.

चाकरमानींचा प्रश्नही अशाच बैठकीत बसवता येईल. 'खायचं काय' हा अभ्यासाचाच विषय आहे. खाण किती वर्षं चालणार, किती स्थानिकांना घेणार, कुठल्या कामावर आणि किती पगारावर, खाण संपल्यावर काय. हे आकडे अहवालात द्यावे लागतात. गावात कुणी काढून फळ्यावर लिहिलेत का?

सड्यावरचा:

नव्हते लिहिले. काल रात्री लिहिले, देवळाच्या ओसरीवर, फळा शाळेतून आणून. एवढ्यासाठी मी चाकरमानींचे मनापासून आभार मानतो. अहवालात खाणीचं आयुष्य अकरा वर्षं दिलंय. कायम नोकऱ्या चौतीस, त्यातल्या 'कुशल' एकवीस. वाडीत त्या एकवीसमध्ये बसेल असं शिक्षण असलेली मुलं आम्ही मोजली, तर तीन निघाली. दुसऱ्या बाजूला वरच्या बावीवर पाणी भरणारी घरं सत्तावीस, आणि त्या पऱ्यावर शिमग्यापर्यंत होणारी भाजी, कुळीथ, दोन आंब्याच्या बागांचं शिंपण. त्याचे पैसे किती होतात हे मात्र कुणालाच सांगता येईना. तिथे आम्हाला तज्ज्ञ हवाय, शेतीचं अर्थशास्त्र जाणणारा. इथे कुणी असेल तर कळवा. खाण्यापिण्याची, राहायची सोय आमच्याकडे.

चाकरमानी:

चौतीस? मला वाटलं होतं दीड-दोनशे तरी असतील. भावाला पाठवतो हा धागा.

कातळखूण:

तज्ज्ञ कोण, यावर एक अनुभव. कातळशिल्पांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आता. रत्नागिरीत सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सोबत्यांनी सडेच्या सडे पायाखाली घातले. रिसबूड पेशाने अभियंते, पुरातत्त्वाची पदवी नाही. गावातल्या गुराख्यांना विचारत गेले, 'कातळावर चित्रं आहेत का कुठे?' आणि शिल्पं निघत गेली, शेकड्यांनी. पुढे पुरातत्त्व खातं आलं, विद्यापीठं आली, २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत नावं गेली. ज्या सड्यांना महसुली कागदावर पडीक म्हणायचे, त्यांच्यावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाचा हात निघाला. बारसूच्या सड्यावर रिफायनरीच्या माती परीक्षणाला २०२३ मध्ये विरोध झाला तेव्हा या नोंदी हाताशी होत्या.

मी स्वतः त्या कामात दोन उन्हाळे पाणी आणि झाडू वाहिलाय. शिल्पातली माती कुंच्याने काढायची, खडूने किंवा रंगाने रेषा ठळक करायच्या नाहीत, खाली पट्टी ठेवून फोटो घ्यायचा, उत्तर दिशा दाखवायची. ही शिस्त पहिल्या दिवशी रटाळ वाटते. पण त्या शिस्तीमुळेच आमची नोंद पुढे अभ्यासकांनी स्वीकारली. सड्यावरचा, तुमच्या सड्यावर अशी काही चित्रं आहेत का? काकींना विचारा.

लाटेवर:

इथे एक सावधगिरीची सूचना. आपल्या बाजूचं म्हणून काहीही खपवून घेऊ नका. वेळासला २००२ पासून समुद्री कासवांचं काम चाललंय, मी तिथे अधूनमधून जातो. घरट्यातली अंडी किती, पिल्लं किती निघाली, किती मेली, सगळं लिहितात. वाईट वर्ष असेल तर वाईटच लिहितात. त्यामुळे २०२२ मध्ये शास्त्रज्ञ उपग्रहाची खूणपट्टी घेऊन आले आणि 'प्रथमा' नावाच्या मादीला ती बसवली, तेव्हा तिथल्या माणसांशी ते बरोबरीने बोलत होते.

उद्या तुमच्या वहीत असं निघालं की सड्याच्या पाण्याचा बावीशी संबंध वाटला त्याहून कमी आहे, तर? तेही छापायची तयारी ठेवा. नाहीतर आधी निकाल ठरवून मग वही भरली, असं होईल.

सड्यावरचा:

लाटेवर, हा प्रश्न आम्ही ओसरीवरही काढला. दोन-तीन जण म्हणाले की मग तसलं लिहायचंच कशाला. काकी म्हणाल्या, "पाणी खोटं बोलत नाही, तुम्ही कशाला बोलताय?" मग ठरलं की वही देवळात ठेवायची, कुणीही उघडून बघावी, खाडाखोड झाली तर बाजूला सही.

कातळखूण, काकींना विचारलं. सड्याच्या दक्षिणेच्या कडेला 'पांडवांचा पट' म्हणून एक जागा आहे म्हणतात. लहानपणी मी तिथे खेळलोय, चौकोन-चौकोन आहेत, मी ती आपली गुराख्यांची खेळायची घरं समजत होतो. पाऊस उघडला की झाडू, पट्टी घेऊन या. खाणीच्या हद्दीच्या आत आहे की बाहेर ते नकाशावर बघावं लागेल.

तळपाणी:

मी श्रावणात येऊ शकतो, प्राध्यापक येतील तेव्हाच. क्षार मोजायची दोन यंत्रं माझ्याकडची घेऊन येतो, एक तुमच्याकडे ठेवा. तिसरी बाव नक्की केलीत का?

सड्यावरचा:

केली. डोंगरापलीकडच्या वाडीतली. तिथल्या लोकांना आधी वाटलं आम्ही त्यांच्या बावीवर हक्क सांगायला आलोय, समजूत घालायला अर्धा दिवस गेला. आता त्यांची आठवीतली एक मुलगी रोज पहाटे मोजते आणि फोनवर आकडा पाठवते. आज पहाटेचे: वरची बाव अकरा वीत चार बोटं, खालची सोळा वीत, पलीकडची चौदा वीत दोन बोटं. नायलॉनची दोरी काल आणली, उद्यापासून माप सेंटिमीटरमध्ये. रात्रीपासून सड्यावर ढग उतरलेत. डबा लावून ठेवलाय.